पिशवीचे कान

नाही शेठ, आता तिला हात लावायचा नाही. टेबलावर ठेवलीत, वहीत सही केलीत, संपलं — आता ती पिशवी तुमचीही नाही आणि माझीही नाही, आता ती तक्रारीची. बसा तिकडे. स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, गेल्याच महिन्यात एक व्यापारी त्यावरून पडता पडता वाचला — मला हसू आवरेना ते वेगळं, पण वाचला. खुर्ची घ्या. पंखा लावणार नाही, आधीच सांगते, वाऱ्यानं वजनाचे आकडे नाचतात आणि उद्या तुम्हीच म्हणणार बाईंनी वजनात खोट केली. कॉफीही विचारणार नाही. कॉफी तपासायच्या खोलीत कॉफी प्यायला बंदी — हसताय काय, खरंच आहे. वीस वर्षांपूर्वी एका हुशार माणसानं याच टेबलावर कप ठेवला आणि तो नमुन्यात लवंडला, तेव्हापासून भिंतीवर ती पाटी आहे. पाटी माझ्याच हातची.

तर काय म्हणत होतात — तुमच्या गोदामाचा माल आजवर कधी नापास झाला नाही. बरं. आमच्या शेजारणीचा नवराही आजवर कधी मेला नव्हता, परवा मेला. आजवर झालं नाही म्हणजे होतच नाही, हे फक्त व्यापाऱ्यांनाच वाटू शकतं. आणि ते 'कधी नाही' मी जरा बाजूला ठेवते हं, त्याच्याकडे नंतर येते — किंवा नाही येत, बघू. अहवाल तुमच्यापाशी आहे, मी परत वाचते: कच्ची कॉफी, तीनशे पोती, बुरशीचं विष, ठरवून दिलेल्या मर्यादेच्या अडीचपट. अडीचपट म्हणजे काठावर नाही, शेठ. काठावर असतं तर मीही म्हटलं असतं, चला, मशीनचा मूड नव्हता त्या दिवशी. मग तुम्ही तक्रार केलीत. केलीत ते बरंच केलंत, हक्कच आहे तुमचा, त्यासाठी तर आज समोर बसलोय आपण.

आणि हे काय आणलंय आणखी? चवीवाल्याचं पत्र? द्या बघू. 'जाईच्या फुलांचा मंद गंध, मध, आणि शेवटी ओल्या लाकडाची आठवण.' आठवण. जिभेला आठवणी यायला लागल्या आता. मी ओळखते ना त्या गृहस्थाला — चमचाभर कॉफी तोंडात सुर्रकन ओढतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि थुंकतो. थुंकतो म्हणूनच अजून धडधाकट आहे. शेठ, या विषाला चव नसते. वास नसतो, रंग नसतो. बुरशी पुसून टाकली, दाणा चकचकीत दिसायला लागला, तरी ते आत बसून राहतं, आणि भाजल्यावर सगळं जातं असंही नाही — थोडं जातं, बाकीचं निमूट कपात उतरतं. ती ओल्या लाकडाची आठवण जी येतेय ना त्याला, ती आठवण नाही, ती तुमच्या गोदामाची मागची भिंत आहे. घडी घाला आणि खिशात ठेवा ते पत्र. घरी फ्रेम करा हवं तर.

माहितीये मला, तुमचा खरा राग त्या मुलीवर आहे, नमुना काढायला आली होती तिच्यावर. आम्ही तिला खारूताई म्हणतो, थप्पीवर सरसर चढते म्हणून. तिच्याआधी जो होता त्याला आम्ही पहिली-रांग म्हणायचो — दारातून आत शिरायचा, पहिल्या रांगेतल्या पोत्यांत नळी खुपसायची, हाताशी येतील ते दाणे काढायचे, तुमच्या ऑफिसात गार काहीतरी प्यायचं आणि परत. तीनशे पोती, आणि नमुना दहांचा, तीही उजेडातली, कोरडी, पाहुण्यांना दाखवायची. बुरशी काय दारात उभी राहून या बसा म्हणते? ती असते शंभरातल्या एखाद-दोन पोत्यांत, भिंतीला चिकटलेल्या, वरच्या पत्र्यातून पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यातल्या — आणि त्या पोत्यातसुद्धा एका ओंजळीत असते, शेजारच्या ओंजळीत नसते. म्हणून तर जागोजागी टोचायचं, वर, मध्ये, मागे, सगळं एकत्र करून हलवायचं आणि मग त्याचे तीन भाग पाडायचे. त्या पोरीनं तेच केलं. तिला मागच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसला, माणसाच्या उंचीचा, ती थप्पीवरून पलीकडे उतरली आणि तिथली पोती टोचली. तुमचा माणूस खालून ओरडत होता म्हणे, मॅडम, तिकडे उंदीर आहेत. ती म्हणाली, असू देत, त्यांनाही विचारते. मला फार आवडते ती. आणि तुम्ही इथे येऊन साहेबांना विचारता, ती मागे गेलीच कशाला. अहो, माल मागे होता म्हणून गेली. पुढे फक्त तुम्ही होतात.

कीटकनाशकांत पास आहात तुम्ही, ते मान्य. तसं बागवाल्यानं काम नीट केलं होतं, घाण तुमच्याकडे आल्यावर झाली. परवा एकजण आले होते, बाग त्यांची स्वतःची, थेंब फवारत नाही म्हणाले, फुलपाखरांचे फोटो घेऊन आले होते मोबाइलमध्ये, मला वीस फुलपाखरं बघायला लावली — आणि नमुन्यात तीन औषधं सापडली. खोटं बोलत नव्हते हो ते. बाग स्वच्छ होती, पोती नव्हती. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी पोती आणलेली, औषध चोळलेल्या बियाण्याची. त्याच खुर्चीत बसून रडले. मला वाईट वाटलं, कारण माणूस खरा होता आणि मूर्ख होता. तुमचं तसं नाही. तुम्ही मूर्ख नाही.

चला. वेळ मीच काढतेय, कळतंय मला. नियम माहीत आहे ना? तीन पिशव्या एकाच नमुन्याच्या — एक आम्ही दळली, ती नापास. एक राखीव, आमच्या फ्रीजरमध्ये, कुलपात. आणि एक तुमच्या ताब्यात, तीन आठवडे. तक्रार झाली की दोन्ही मालकासमोर उघडायच्या, आणि मालकाच्या पिशवीचं सील आणि शिवण शाबूत असेल तर तिचाच आकडा शेवटचा धरायचा. हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही, पण ज्यानं केला त्याचं स्वतःचं गोदाम असणार.

ही आमची. सील बघून घ्या — लाख, तिच्याखालच्या चिठ्ठीवर तुमची सही, खारूताईची, माझी. कापते. ओतते ट्रेमध्ये. जवळ या, या की, चावत नाहीत. असा दिसतो खरा माल — हिरवट, राखाडी दाणे, त्यांत काही काळे, काही फुटके, एक काटकी, चार टरफलं, आणि तो एक पांढुरका, त्याला बोट लावू नका. वजन चारशे सत्त्याण्णव. भाग पाडताना पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतातच, माणसाचा हात आहे. आता तुमची. सील… सीलला नखसुद्धा लागलेलं नाही. वा. वजन — पिशवीचं वजा करून पाचशे. बरोबर पाचशे. खारूताईच्या वहीत तुमच्या पिशवीचे चारशे ब्याण्णव आहेत. तीन आठवड्यांत आठ ग्रॅम बाळसं धरलं तुमच्याकडे, चांगलं खातंपितं घर दिसतंय.

उलटी करून बघते.

थांबा जरा. बोलू नका.

काही नाही. डोळ्यात गेलं काहीतरी. मी काय सांगत होते — या पिशव्या मीच शिवते, माहीत आहे का तुम्हाला? साहेब म्हणतात, प्लास्टिकच्या आणू, चांगल्या दिसतात. मी म्हटलं, प्लास्टिकमध्ये कच्चा दाणा घामेजतो, मग बुरशी तुमची की व्यापाऱ्याची ते तुम्हीच ठरवा. तेव्हापासून कापडाच्या, आणि सुट्टीच्या दिवशी मी घरी डझनाने शिवून आणते. तळाची शिवण आतून घालते, मग पिशवी उलटते, त्यामुळे बाहेरून एक टाका दिसत नाही. मग भरायची आणि वरून सील. आता ऐका हं, सोपं आहे — भरलेली पिशवी आतून शिवता येत नाही. कुणालाच नाही. तळ उसवला, दाणे ओतले, काळे-किडके वेचून काढले, तूट भरायला चांगले घातले, परत भरले, की शिवण बाहेरूनच घालावी लागते. आणि ही बघा. बाहेरून. जाड दोरा, बारीक, एकसारखे टाके, सुरेख काम आहे, मी नाव ठेवणार नाही — टाक्यांचा कल उलट्या बाजूला, म्हणजे डावखुरा माणूस. आणि दोन्ही कोपऱ्यांना, हे बघा, हे इथे — कान.

कान, हो. पोत्याला असतात तसे. पोतं शिवणारा माणूस दोन्ही टोकांना कापड पिळून कान काढतो, हमालाला धरायला बरं पडतं म्हणून. साठ किलोच्या पोत्याला कान लागतात, शेठ, अर्ध्या किलोच्या पिशवीला कशाला? कोण उचलणार आहे हिला, मुंग्या? ज्यानं शिवली त्यानं डोक्यानं नाही शिवली, हातानं शिवली. जन्मभर पोती शिवलेला हात टोकाला आला की आपोआप पीळ देतो, मालकाला विचारत नाही. एवढी सफाई केलीत, लाखेला धक्का लावला नाही, वजन जमवलंत, आणि तळाला दोन कान काढून आणलेत. एकदाही उलटी करून बघितली नाहीत ना पिशवी? तुम्ही माल असाच बघता. पुढून.

गेल्या वेळीही कान होते.

काय म्हणाले मी? — म्हणाले खरं. आता म्हणालेच आहे तर बसा परत, उठलात कशाला. तुम्ही म्हणता कधी नापास झाला नाही, तर झाला होता, अकरा वर्षांपूर्वी. तुम्ही तिथेच बसला होतात, खुर्ची दुसरी होती आणि पोट कमी होतं. त्या दिवशी पुढच्या रांगेला ट्रक लागला होता म्हणून पहिली-रांगला नाइलाजानं मागची पोती टोचावी लागली, आणि आयुष्यात एकदाच त्याचा नमुना खरा निघाला. नापास. मग तुमची तक्रार, मग तुमची पिशवी, सील असंच झकास, मी उलटी केली आणि कान. मी काय केलं सांगू? तुमच्याकडे पाठ केली, कात्री घेतली, दोन्ही कान कापून खालच्या डब्यात टाकले आणि फॉर्मवर लिहिलं, सील शाबूत, शिवण शाबूत. तुमची पिशवी दळली. लॉट पास. तुम्हाला वाटलं असेल बाई आंधळी आहे. अकरा वर्षं त्याच समजुतीवर वावरलात ना या दारातून, नमस्कार बाई, नमस्कार बाई करत? बाई आंधळी नव्हती. बाईनं ह्यांची शिवण बरोब्बर ओळखली होती.

झालं. ह्यांची. मुकादमांची. तोंड कशाला उघडं ठेवता, तुम्हाला काय ठाऊक नाही ते तुमच्याच गोदामाचे मुकादम होते आणि माझे यजमान आहेत ते? फक्त मला कळलं होतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नाही. अजून नाही. अकरा वर्षं एका ताटाला लागून जेवतोय आम्ही आणि मी अवाक्षर काढलं नाही. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, मुलीचं शिक्षण होतं म्हणून गप्प बसले — हे सगळं मी स्वतःला नंतर सांगितलेलं. खरं सांगू? लाज वाटली. या खोलीत मी लोकांच्या खोटेपणावर एवढं तोंड सोडते, सगळी पोरं मला वचकून असतात, आणि त्याच खोलीत मोठ्यानं म्हणायचं की हे खोटं काम माझ्या माणसानं केलंय? नाही जमलं. मालकानं सांगितलं, ह्यांनी शिवलं. विचारलंसुद्धा नसेल कशासाठी. शिवायला सांगितलं की शिवतात.

आणि मग ऐका पुढचं. पास झालेल्या लॉटचा उरलेला नमुना घरी न्यायची पद्धत आहे इथे. नापासाचा जाळतात, पासाचा वाटून घेतात, इतकी वर्षं चाललंय. तेव्हा आमची राखीव पिशवी माझ्या वाट्याला आली. आणि तुम्ही खूश होऊन ह्यांना अर्धं पोतं दिलंत त्याच लॉटचं, आठवतं? ते खांद्यावर टाकून घरी घेऊन आले, लग्नाच्या वरातीसारखे. मी नको कसं म्हणायचं? काय सांगून? नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मग मी भाजायची, दळायची, आणि करून द्यायची. दिवसातून तीनदा. ह्यांना कॉफी फार. वर्षभर पुरली. मी नव्हते पीत, मी म्हणायची, दिवसभर तोच वास नाकात, घरी नको मला. एका कपानं काही होत नाही, शेठ. हे मी तपासणारी बाई म्हणून सांगते, एका कपानं खरंच काही होत नाही, दहांनीही नाही. रोज सकाळी कप हातात देताना हेच म्हणायची मनात. पुढचे कप मोजायला मात्र मी बसले नाही. एवढ्या तेवढ्याचं वजन करणारी मी, तेवढंच मोजलं नाही.

आता मूत्रपिंडं गेलीत. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात मशीनला लावतात. डॉक्टर म्हणतात रक्तदाब, साखर, वय. असेल. बहुतेक तेच असेल. ते विष मूत्रपिंडाला धरतं असं आमच्या पुस्तकात आहे, पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते — एक नमुना म्हणजे पुरावा नाही, गं. मी काही म्हणत नाही. कुणी विचारलंही नाही मला. तुम्ही तरी कशाला मान खाली घालताय, तुम्हाला ते शोभत नाही.

काल दुपारी घरी आला होतात ना? नाही म्हणू नका, उगाच आणखी एक शिवण उसवायला लागेल. संध्याकाळी मी घरी गेले तर माणूस गालातल्या गालात हसतोय. सहा महिने हसला नव्हता. पलंगाखाली जाड दोऱ्याचा तुकडा. म्हटलं, हे काय, तर म्हणे उशीचा अभ्रा उसवला होता. आज सकाळी कचऱ्याचा डबा रिकामा करायला घेतला, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेले मूठभर दाणे, काळे, किडके, एकेक वेचून काढलेले. त्या माणसाला पेपरातला मथळा वाचता येत नाही हो आता. आणि दाणे वेचले. हातांना सूज, सुयांच्या जखमा, आणि बसून एवढे सारखे टाके घातले. मी विचारलं, कोण आलं होतं? म्हणाले, जुनं माणूस. काय म्हणालं जुनं माणूस? तर म्हणे, "मुकादम, तुमच्यासारखा हात अजून कुणाला नाही." दोनदा सांगितलं मला. जेवताना परत एकदा. घरात त्यांना कुणी मुकादम म्हणत नाही आता. मुलगी फोनवर विचारते गोळ्या घेतल्या का, मी विचारते पाणी किती प्यायलात — मोजून पाणी द्यावं लागतं — आणि दवाखान्यात त्यांचा नंबर आहे, सतरा. तुम्ही मात्र पलंगाच्या कडेला टेकलात आणि काम दिलंत. माणसाला काम दिलंत. तुमचे पाय धरावेसे वाटतात आणि हा ट्रे तोंडावर मारावासा वाटतो, दोन्ही एकाच वेळी, त्यातलं कुठलंच करत नाही मी, घाबरू नका.

काय? परत म्हणा, नीट ऐकू आलं नाही. — हां. आता कसे मूळ आवाजात बोललात. शिवण शाबूत नाही असं बाईंनी लिहिलं, तर शिवणारा कोण ते बाहेर येईल. आणि त्याच्या मागोमाग अकरा वर्षांपूर्वीचंही येईल. खरंय. म्हणूनच त्यांच्याकडे गेलात, नाही का? शिंपी काय थोडे आहेत गावात. ओळखली नाही तर उत्तमच, आणि ओळखली तर बाई अडकली, त्याहून उत्तम. मी मघाशी म्हटलं ना, तुम्ही मूर्ख नाही. चार महिने राहिलेत माझे. निरोपाचं भाषण साहेबांनी लिहायला घेतलंय म्हणे, एकतीस वर्षं, एक डाग नाही, असं काहीतरी. नोकरी जाईल, पेन्शनीवर चौकशी लागेल, खारूताई मान वळवून जाईल जिन्यात. सगळं होईल. तीन आठवडे नाही, अकरा वर्षं विचार केलाय मी त्याचा, तुम्ही नवीन काही सांगत नाही आहात.

कात्री बघताय होय माझ्या हातातली? आमची पिशवी कापायला घेतली होती, तीच. ठेवते खाली. ही बघा, ठेवली. हा फॉर्म. सील शाबूत — होय. शिवण शाबूत — नाही. लिहिलं. शेरा: तळाची शिवण नवी, बाहेरून, दोन्ही कोपऱ्यांना कान, पिशवी ग्राह्य नाही, राखीव नमुना दळावा. सही. शाई ओली आहे, बाही लावू नका. आणि हा खालचा रकाना, 'फेरफार कुणी केला, माहीत असल्यास.' हा मी कोरा सोडतेय. माहीत असून कोरा सोडतेय, हे लक्षात ठेवा, उद्या साहेबांना सांगायला उपयोगी पडेल. तेवढं एक खोटं माझ्याकडे राहू दे, जुन्याच्या जोडीला. का तुम्ही भरता? हे घ्या पेन. पण मग पिशवी त्यांच्यापर्यंत नेली कुणी तेही भरायला लागेल, तुमच्या अक्षरात. — नाही ना. आणा इकडे पेन.

आता उठा. मालक लागतो तो उघडताना, दळताना नाही. राखीव नमुना दळला की काय आकडा येणार ते तुम्हालाही माहीत आहे, तीनशे पोती बाजूला काढायला माणसं सांगा. पिशवी इथेच राहील, कानांसकट. आणि एक काम करायचंय तुम्ही. जाताना आमच्या घरावरून जा. वाकडी वाट होत नाही, काल सापडलं घर, आजही सापडेल. काही घेऊन जाऊ नका, फळं नको, कॉफी तर नकोच, रिकाम्या हातानं जा. पलंगाच्या कडेला टेका, कालच्यासारखे, आणि सांगा — बाईंनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली, भिंग लावून पाहिली, उजेडात धरून पाहिली, आणि बाईंना काहीसुद्धा कळलं नाही. लॉट नापास झाल्याचं त्यांच्या कानावर जाईलच, तेव्हा म्हणा मशीन बिघडलं होतं. हवं तर शिव्या द्या मशीनला, त्याला सवय आहे. पण शिवण कुणाला ओळखू आली नाही, असं म्हणा. हाक मारताना मुकादम म्हणा.

जमेल? न जमायला काय झालं. जन्मभर तेच केलंत, स्वतःसाठी. एकदा माझ्यासाठी करा.

दार ओढून घ्या जाताना. ग्राइंडर लावतेय, आता मला काही ऐकू येणार नाही.